गव्हाचा उपास : अमळनेरकडच्या एका घरातला सीलिॲक आजार

पहिल्या भेटीत मुलाच्या आईनं पिशवीतून तीन गोष्टी काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. लोहाचं टॉनिक, भूक वाढवायचं सायरप आणि दुधात घालायची माल्टची पावडर. मुलगा पावणेसहा वर्षांचा. वजन 13.2 किलो, उंची 101 सेंटिमीटर. या वयाच्या मुलाची उंची साधारण 114-115 असते. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र टम्म, आणि चेहऱ्यावर लहान मुलाला न शोभणारी किरकिर. कोपऱ्यात ठेवलेल्या खेळण्यांकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. आईचा पदर धरून बसला होता.

मी जळगावात आहारतज्ज्ञ आहे. एका बालरोगतज्ज्ञांनी हे कुटुंब माझ्याकडे पाठवलं होतं. पुढचं सगळं आईवडिलांच्या परवानगीनं लिहिते आहे. नावं आणि गाव काढून टाकलं आहे, अमळनेर तालुका एवढं पुरे. घर एकत्र आहे. आजी-आजोबा, हे नवराबायको, काका-काकू, दोन्हीकडची मिळून चार मुलं. शेतात कपाशी आणि थोडी दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी. वडील शेती बघून एका आडत दुकानात हिशेब लिहितात.

कार्डावरची रेघ

आईनं जी हकिगत सांगितली ती अशा मुलांच्या बाबतीत इतक्या वेळा ऐकली आहे की मधेच तिचं वाक्य मी पुरं करू शकले असते. नवव्या महिन्यापर्यंत बाळ छान होतं. दूधबिस्किट, शिरा, वरणात कुस्करलेली पोळी सुरू झाली आणि पुढच्या सहा-आठ महिन्यांत पोट बिघडलं. दिवसाला चार-पाच वेळा पातळ, चिकट, घाण वासाची शी. आधी म्हणाले दात येताहेत. मग नजर काढली. मग जंत. दर फेब्रुवारीत जंतनाशक दिनाला अंगणवाडीतली गोळी मिळतच होती, त्याशिवाय दवाखान्यातून दोनदा औषध झालं. एका डॉक्टरांनी पोटाच्या टीबीचा संशय घेतला आणि औषधं सुरू होता होता राहिली. हिमोग्लोबिन 7.4. लोहाचं टॉनिक दोन वर्षं चालू होतं आणि आकडा हलत नव्हता.

आपल्याकडे पांढऱ्या पडलेल्या मुलाची सिकलसेलची तपासणी आधी करतात आणि ते बरोबरच आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात हा आजार आहे, त्यामुळे नंदुरबार, धुळे, जळगावचा कुठलाही जाणता डॉक्टर ती शक्यता आधी बाजूला काढतो. या मुलाची ती तपासणी निगेटिव्ह आली होती. थॅलेसेमियाही नव्हता.

निदानाकडे नेलं ते अंगणवाडीच्या कार्डानं. बालरोगतज्ज्ञांनी ते मागितलं तेव्हा आईला नवल वाटलं, कारण मोठ्या फायली बघून झाल्या होत्या आणि हे मळकं कार्ड कुणी उघडलंच नव्हतं. नऊ महिन्यांना 8.4 किलो. दीड वर्षाला 8.9. तीन वर्षांना 10.6. म्हणजे नऊ महिन्यांत अर्धा किलो, पुढच्या दीड वर्षात पावणेदोन. रेघ कुठे वाकली ते बोट ठेवून दाखवता येत होतं आणि ती वाकली तेव्हा ताटात नवीन काय आलं होतं हेही. अंगणवाडी सेविकेनं दर महिन्याला निमूटपणे वजनं भरली नसती तर आणखी वर्ष गेलं असतं, असं माझं मत आहे.

संशय गव्हावर, म्हणजे सीलिॲकवर गेला आणि रक्ताची तपासणी झाली. टीटीजी-आयजीए नावाचं प्रतिपिंड त्या प्रयोगशाळेत 20 पर्यंत ठीक धरतात. याचं 200 च्या वर होतं. सोबत एकूण आयजीए बघावं लागतं, कारण काही मुलांच्या अंगात आयजीएच कमी तयार होतं आणि मग ही तपासणी खोटा दिलासा देते. ते ठीक होतं. दहा पटींहून जास्त आकडा आला आणि दुसऱ्या नमुन्यात एण्डोमायसियल प्रतिपिंडही सापडलं, तर युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांची 2020 ची मार्गदर्शिका बायोप्सीशिवाय निदान मान्य करते. आपल्याकडे बरेच डॉक्टर तरीही आतड्याचा तुकडा बघायचा आग्रह धरतात. जन्मभराचं पथ्य सांगायचं तर पुरावा भक्कम हवा, हे मलाही पटतं. एण्डोस्कोपीसाठी नाशिकची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

इथे घोटाळा होता होता वाचला. सुरतेला असलेल्या मामानं मोबाइलवर वाचून फोन केला, "आजपासून गहू बंद करा." प्रेमापोटीच केला, पण तपासणीआधी गहू बंद केला तर प्रतिपिंडं खाली येतात, आतडं सुधारायला लागतं आणि बायोप्सीत काही दिसतच नाही. मग निदान अधांतरी राहतं आणि पुन्हा काही आठवडे गहू खाऊ घालून सगळं पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून ते तीन आठवडे आईला मीच सांगत होते, की रोजची पोळी चालू ठेवा. मुलाला त्रास होतो हे माहीत असताना. आईनं ते कसं केलं तिलाच माहीत. बायोप्सीत लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले केसाळ उंचवटे जवळजवळ सपाट झालेले निघाले.

दोन वर्षांचं टॉनिक वाया का गेलं ते इथे उलगडलं. लोह शोषलं जातं ते मुख्यतः याच भागात. जमीनच खरवडून गेली असेल तर वरून कितीही पाणी द्या. आणि टेबलावरची ती माल्टची पावडर? माल्ट जवाचं असतं, पावडरीत गव्हाचं पीठही होतं. वजन वाढावं म्हणून मुलगा रोज दोनदा तेच पीत होता.

"मंग काय खावाडू पोरले?"

सीलिॲक म्हणजे गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्या आतड्यावर उलटते. त्यासाठी ठरावीक जनुकं अंगात असावी लागतात. ती बऱ्याच लोकांत असतात आणि त्यातल्या थोड्यांनाच आजार होतो. औषध नाही. ग्लुटेन जन्मभर बंद, एवढाच उपचार. उत्तर भारतात झालेल्या पाहण्यांत साधारण शंभरात एकाला हा आजार सापडला. दक्षिणेत, जिथे भात मुख्य, प्रमाण खूपच कमी. आपण खान्देशी मधेच. गव्हाच्याही आणि ज्वारीच्याही.

हे सगळं मी आईवडिलांना सांगत होते आणि आजी भिंतीला टेकून ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, "मंग काय खावाडू पोरले?"

खरं सांगायचं तर या प्रश्नाचं उत्तर देणं खान्देशात सोपं असायला हवं. कळण्याची भाकरी ज्वारी आणि अख्ख्या उडदाची. दादरची भाकरी, बाजरीची भाकरी. फुणके डाळीचे, कढी बेसनाची किंवा डाळीच्या पिठाची. बिबडे ज्वारीचे. थंडीत भरीत आणि कळण्याची भाकरी म्हणजे या मुलाला घरातल्या सगळ्यांच्या पंगतीत बसून तेच जेवता येईल असा हंगाम. खिचडी, भगर, साबुदाणा, राजगिरा, मका, नाचणी. आजी म्हणाल्या, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा गहू सणाला आणि पाहुण्याला निघायचा. बहात्तरच्या दुष्काळात तर रेशनची तांबडी मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले. आता रेशनवर गहू येतो, बाजारात दादर गव्हाहून महाग, आणि भाकरी थापायला सुनांना वेळ नाही. मुलांना पोळी मऊ लागते. गहू घरात असा हळूहळू वाढला आहे आणि त्यात कुणाची चूक काढण्यात अर्थ नाही.

डब्यात मिळणारं ग्लुटेनमुक्त पीठ मी या घराला सुचवलं नाही. ते जळगावात मिळतं, पण महाग, आणि त्यातलं बरंचसं स्टार्च असतं. उडदाच्या कळण्यात प्रथिनं, लोह आणि चव आपोआप येतात. सुरुवातीचे सहा आठवडे दूध कमी केलं, कारण सपाट झालेल्या आतड्यात दुधातली साखर पचवणारं विकरही कमी असतं, दही-ताक चालू. लोह, फॉलिक ॲसिड, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम डॉक्टरांनी दिलं. भाकरीवर तूप, भाजीत शेंगदाण्याचा कूट, रोज एक अंडं. अंड्याबाबत आजोबांची कुरकुर होती, ती दोन भेटींत मावळली.

पहिल्या पंधरा दिवसांत शी बांधून झाली. तिसऱ्या आठवड्यात आईचा फोन आला: मुलगा काकांच्या मुलाशी भांडला आणि त्याला बोचकारलं. ती हे रडत रडत, पण आनंदानं सांगत होती. सहा वर्षांत तो पहिल्यांदा कुणाच्या अंगावर धावून गेला होता.

एका शितानं काय होतं

तरी अडलं ते एका वाक्यावर. आजोबा म्हणायचे, आत्या म्हणायची, शेजारीण म्हणायची: "एक घास खादा ते काय व्हस?" एवढ्याशानं काय होतं. मी आकडे सांगितले. साधारण दिवसाला 10 मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन बहुतेकांना निभतं. रोज 50 मिलिग्रॅम पोटात गेलं तर आतडं पुन्हा बिघडतं हे अभ्यासातून दिसलं आहे. आणि एका पोळीत दोन ग्रॅमहून जास्त, म्हणजे दोन हजार मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. आकडे ऐकून सगळ्यांनी मान हलवली. मान हलवणं म्हणजे पटणं नव्हे हे मला या धंद्यात फार उशिरा कळलं.

पटलं ते आजींच्या तोंडून. आषाढी जवळ नव्हती, पण मार्गशीर्षातली कुठलीशी एकादशी होती आणि आजींचा उपास. सुनेनं साबुदाण्याच्या खिचडीत भाताचा चमचा घातला म्हणून त्या रागावल्या. मी तिथेच होते. विचारलं, "आजी, एकच शीत तर लागलं असेल. अर्धा उपास मोडला का?" त्या म्हणाल्या, "अर्धा कसा मोडेल? मोडला म्हणजे मोडला." मग माझ्याकडे बघून थांबल्या. म्हणाल्या, "याचा गव्हाचा उपास आहे म्हणा की."

त्यानंतर त्या घरात मला काही समजावावं लागलं नाही. उपासाचं वेगळं कसं ठेवायचं हे प्रत्येक मराठी बाईला ठाऊक असतं: वेगळा डबा, वेगळा चमचा, आधी उपासाचं करायचं मग बाकीचं. काथवट वेगळी झाली. तवा वेगळा. चाळणी वेगळी, आणि चाळणीबद्दल मी मुद्दाम आग्रह धरला, कारण तिच्या जाळीत अडकलेलं पीठ घासून निघत नाही. पोळपाट-लाटण्याचंही तेच. मुलाचा स्वयंपाक आधी, पोळ्या नंतर, कारण पोळ्या लाटताना पिठी उडते. बाहेरच्या बाईनं विचारलं तर आजी सांगायच्या, "त्याले उपास शे." पुढे कुणी विचारत नसे. सीलिॲक हा शब्द गावात कुणाला कळला नसता. उपास मोडायला लावणं मात्र पाप, हे सगळ्यांना कळतं.

हिंगाबद्दल एक बाजूचं. बाजारातला खडा नसलेला, बांधणीचा हिंग पुष्कळदा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात मिसळलेला असतो, आणि सीलिॲकच्या पथ्याची चर्चा निघाली की सगळे हिंगावर तुटून पडतात. बदलावा जरूर, तांदळाच्या पिठात बांधलेला मिळतो, वेष्टनावर वाचून घ्यावा. पण चिमटीभर हिंगातून मुलाच्या वाट्याला फार तर एक-दोन मिलिग्रॅम ग्लुटेन जातं. खरा चोर दुसरीकडे होता.

गिरणी

कळणा गावच्या गिरणीतून दळून यायचा. गिरणीत दिवसभर गहू दळला जातो. जात्याच्या खाचांत, नळीत, खालच्या कापडी पिशवीत गव्हाचं पीठ असतंच. तुमची पायली पडली की ते तुमच्या डब्यात येतं. हिशेब करून दाखवते. मुलगा दिवसाला तीन लहान भाकरी खातो, म्हणजे साधारण 150 ग्रॅम पीठ. त्यात शंभरातला एक भाग जरी गहू मिसळला तरी दीड ग्रॅम गव्हाचं पीठ, म्हणजे सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास ग्लुटेन. रोज. घरात वेगळ्या चाळणीनं चाळून, वेगळ्या तव्यावर भाजून, उपास तिथे मोडत होता. भारतात ज्या पिठावर ग्लुटेनमुक्त लिहायचं त्यात किलोमागे 20 मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन चालत नाही. या कळण्यात ते आठशेच्या घरात गेलं असतं.

गिरणीवाल्याला सांगून बघितलं. भला माणूस. सोमवारी सकाळी गिरणी झाडून पहिलं दळण तुमचं घेतो म्हणाला. पण झाडून जात्यातलं पीठ निघत नाही. मग आजींनी माजघरातलं जातं पुढे ओढलं. त्यावर फक्त डाळी भरडल्या जायच्या. ते धुऊन, वाळवून, दोनदा तांदूळ दळून फेकून दिले आणि मग कळणा. तीन महिने आजी आणि सून पहाटे समोरासमोर बसून दळत होत्या. चित्र सुंदर आहे. त्यांचे खांदे भरून यायचे तेही खरं. दाणेही निवडावे लागत, कारण मळणीयंत्र आणि किराणा दुकानाचं माप सगळ्या धान्यांना एकच, ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतातच. निवडताना मुलगा स्वतः बसायचा. गव्हाचा दाणा सापडला की चोर पकडल्यासारखा ओरडायचा.

चैत्रात घरघंटी आली. जुनी स्वस्तात मिळत होती, मी नको म्हटलं. जुनीनं गहू दळलेला असणार. नवी पंधरा हजारांच्या वर गेली. वडिलांनी कपाशीच्या पैशातून घेतली. सहा महिन्यांच्या तपासणीत टीटीजी 200 वरून 86 वर उतरलं होतं, हिमोग्लोबिन 10.8, उंची साडेतीन सेंटिमीटरनं वाढलेली. सगळं रुळावर आलं असं मी नोंदवहीत लिहिलं. लिहायला नको होतं.

शाळा

जूनमध्ये मुलगा पहिलीत गेला. बाईंनी हजेरीपटात त्याच्या नावापुढे लिहिलं, "गव्हाची ॲलर्जी". हा शब्द सोयीचा आहे, पण त्यानं घात केला. कुणाच्या तरी वाढदिवसाला त्यानं बिस्किट खाल्लं, बाई घाबरून दिवसभर त्याच्या अंगावर पुरळ येतं का बघत राहिल्या, काही आलं नाही. त्यांनी आईला समजावलं: याला काही होत नाही, उगाच पोराला तरसवू नका.

मी शाळेत गेले. योगायोग असा की त्याच वर्गात एका मुलीला शेंगदाण्याची खरी ॲलर्जी होती. तिनं चिक्कीचा तुकडा खाल्ला की पाच-दहा मिनिटांत ओठ सुजायचे, अंगावर गांधी उठायच्या. तिच्या बाबतीत घड्याळ मिनिटांचं आहे. सूज आणि गांधीसोबत धाप, घरघर, वारंवार उलटी किंवा गळून जाणं दिसलं की वाट बघायची नाही, ॲड्रेनलिनचं इंजेक्शन मांडीत, किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, आणि तडक रुग्णालय. ॲलर्जीची गोळी चघळायला देऊन थांबणं धोक्याचं. आपल्याकडे भाजीत कूट, ठेच्यात दाणे, चटणी दाण्याची. घाण्याच्या तेलातही प्रथिनाचा अंश राहतो, शुद्ध केलेल्या तेलात तो नगण्य असतो. त्या मुलीच्या आईची धास्ती वेगळीच.

आमच्या मुलाचं घड्याळ महिन्यांचं. बिस्किट खाऊन त्या दिवशी काही दिसणार नाही. रोज एक खाल्लं तर दिवाळीपर्यंत उंची थांबेल. बाईंना मी फळ्यावर दोन नावं लिहून हे समजावलं आणि त्यांनी ते इतकं नीट पकडलं की पुढे त्याच मला दोन्ही मुलांचं कळवायच्या. शाळेची खिचडी तांदळाची, ती दोघांनाही चालायची. फक्त वाढणारा चमचा आधी कशात होता ते बाई बघायच्या.

कानबाई

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं: कानबाई ही खान्देशातली देवी आणि रोट हा तिचा गव्हाचा नैवेद्य. रोटासाठी या घरात प्रत्येक पुरुषाच्या नावानं गहू मोजून घेतात, अगदी पाळण्यातल्या मुलाच्याही. ते दळून रोट, नैवेद्य आणि भाऊबंदांत वाटणी. रोट भाऊबंदांबाहेर जात नाही आणि टाकायचा नसतो. म्हणजे या मुलाच्या नावाचा गहू मोजला जाणार, आणि त्याच्याच नावाचा रोट त्याला खाता येणार नाही.

पहिल्या वर्षी आम्ही यावर बोललोच नाही. मला सुचलं नाही, आईची सासूसासऱ्यांपुढे विषय काढायची हिंमत झाली नाही. देवीचा प्रसाद म्हणून आत्यानं त्याच्या तोंडात कुटका घातला. आजी तिथेच होत्या. त्या मला नंतर म्हणाल्या, देवीच्या प्रसादानं उपास मोडत नाही ना, म्हणून गप्प बसले. माझी उपासाची युक्ती तिच्याच नियमानं उलटली. चार दिवस पोट बिघडलं, मग सावरलं. एका कुटक्यानं आतडं उद्ध्वस्त होत नाही, हेही मी त्यांना सांगितलं. घाबरवून ठेवलेलं घर पथ्य लपवायला शिकतं.

वर्ष पुरं झालं तेव्हा टीटीजी 86 वरून 112 वर चढलेलं. वजन चार महिने जागच्या जागी. कानबाईचा कुटका हे करू शकत नाही, त्याला चार महिने झाले होते. मी आईला प्रश्न विचारून विचारून हैराण केलं, औषधांची वेष्टनं बघितली, शाळेत फोन केला. शेवटी न कळवता एका दुपारी घरी गेले.

जिन्याखाली घरघंटी, आणि तिच्यासमोर रांगेत पाच डबे. दोन डब्यांच्या झाकणांवर खडूनं शेजाऱ्यांची आडनावं. काकू घरघंटीवर गहू दळून देत होती, किलोमागे चार पैसे सुटतात म्हणून. जूनमध्ये पेरणीच्या वेळी हात आखडता होता तेव्हा सुरू झालं होतं. घरघंटीचा हप्ता नव्हता, पण वडिलांचे पंधरा हजार कपाशीतून गेले होते आणि काकांच्या वाट्याची कपाशीही त्यात होती. काकूचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "ताई, मी त्याच्या दळणाआधी कापडानं पुसते हो." खरंच पुसत होती.

मला राग आला नाही असं नाही. पण एका मुलासाठी सगळ्या घराचे पैसे घातल्यावर त्याची भरपाई कोण करणार हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. आहाराच्या तक्त्यात तो रकाना नसतो. त्या संध्याकाळी आजोबांनी निकाल दिला: घंटीवर गहू बंद, काकूनं ज्वारी, बाजरी, कळणा, नाचणी दळून द्यावं. गावात कळणा दळून मागणारी घरं निघाली, पैसे कमी सुटतात पण सुटतात. घंटी खोलून साफ केली, जाळ्या नव्या घातल्या, तांदूळ दळून टाकला.

मोठी बहीण

त्याच भेटीत मुलाची बहीण चहा घेऊन आली. दहा वर्षांची. ती कप ठेवायला वाकली तेव्हा मी तिला पहिल्यांदा नीट बघितलं.

आईवडील, भावंडं यांच्यातल्या साधारण दहातल्या एकाला हा आजार सापडू शकतो, म्हणून घरातल्या सगळ्यांची तपासणी निदानाच्या वेळीच सुचवली होती. तपासणीला दीडेक हजार लागतात. आईवडिलांनी स्वतःची केली, निगेटिव्ह आली. मुलीची राहिली, कारण तिला काही होत नव्हतं. शी बांधून, पोट सपाट, सगळं खायची, घरात सगळ्यात जास्त काम करायची. उंची 122. दहा वर्षांच्या मुलीची 138 च्या आसपास असते. तोंड येतं का, विचारलं. सारखंच येतं, म्हणाली, मिरची खाते म्हणून. हिमोग्लोबिन 8.9 निघालं. टीटीजी 140.

सीलिॲक असा मुकाही असतो. मुलाचं पोट बोललं, म्हणून त्याला घेऊन चार दवाखाने झाले. तिचं अंगणवाडीचं कार्ड सापडलं नाही. मी मात्र वर्षभर त्या घरात जातयेत होते, तिच्या हातचा चहा पीत होते आणि तिची उंची मोजायचं माझ्या मनात आलं नव्हतं.

तिचं पथ्य सोपं गेलं, सगळं घरात तयार होतं. अवघड गेलं ते तिला पटणं. भावाला पोटात दुखायचं, तिला काहीच नाही. मग पोळी का सोडायची? तिला मी आजींचा उपास सांगितला नाही. रिपोर्ट सांगितला, आकडे समजावले, एण्डोस्कोपीच्या वेळी पडद्यावर काय दिसलं ते डॉक्टरांनी दाखवलं. ती चौथीत होती आणि तिला वजाबाकी येत होती. 138 वजा 122 तिनं स्वतः केली.

यंदा जुलैत मुलाचं टीटीजी 24, वजन 18.9, उंची 113.5. मुलीचं 140 वरून 61, उंची सहा महिन्यांत साडेतीन सेंटिमीटर. कानबाईच्या आधी आजोबांनी भाऊबंदांतल्या वडीलधाऱ्यांना बोलावून विचारलं आणि ठरलं की या मुलाच्या नावानं गव्हाऐवजी दादर मोजायची, ती घरच्या घंटीवर आदल्या दिवशी दळायची, आणि त्याचा रोट गव्हाचं पीठ काढायच्या आधी करायचा. एका म्हाताऱ्या चुलत आजोबांनी खळखळ केली, मग तेच म्हणाले की त्यांच्या लहानपणी गहू नसेल त्या साली दादर मोजल्याचं त्यांना आठवतं.

मुलींच्या नावानं काही मोजत नाहीत, त्यामुळे तिच्याविषयी काही ठरवायची वेळ आली नाही. दादरच्या रोटाचा अर्धा तुकडा भावानं तिला दिला. तिची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.